ओगलेसरांची सही

ओगलेसर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते माझ्या हातातलं पेन काढून घेऊन. २००३ साल. पुण्याहून सिंगापूरला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते, आणि नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून तो माझा पहिला दिवस होता. समोर मॅडम टॅन नावाच्या सत्तरीच्या बाई व्हीलचेअरवर बसल्या होत्या. पक्षाघातानं त्यांची डावी बाजू गेली होती. मी विचारलं, "काल झोप लागली का?" त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी कागदावर 'झोप ठीक' असं लिहायला घेतलं. तेवढ्यात मागून एक हात आला आणि पेन गेलं.

"तू विचारलंस ते मी ऐकलं," मागून चक्क मराठीत आवाज आला. "त्या काय म्हणाल्या ते तू ऐकलंस का?"

"त्या काहीच म्हणाल्या नाहीत."

"मग लिहितेस काय?"

त्यांनी पायानं एक बुटकं स्टूल जवळ ओढलं, त्यावर बसले आणि गप्प राहिले. स्टूल इतकं बुटकं की मॅडम टॅनना त्यांच्याकडे खाली वाकून बघावं लागत होतं. "मान-मान, आंटी," एवढंच ते मध्ये एकदा म्हणाले. सावकाश, घाई नाही, असा त्याचा अर्थ, हे मला नंतर कळलं. दोन मिनिटं तरी गेली असतील. मला त्या शांततेची लाज वाटायला लागली होती. मग मॅडम टॅनचे ओठ हलले, आणि एकेक शब्द जोडत त्यांनी सांगितलं की रात्रभर खांदा ठणकत होता, आणि नर्सला हाक मारायला आवाजच फुटत नव्हता.

सरांनी पेन मला परत दिलं. "आता लिही की," म्हणाले.

मिरजेचे होते. बोलण्यात तो 'की' शेवटपर्यंत राहिला. पन्नाशी उलटलेली, उंची बेताची, पंजे मोठे आणि नाक मधोमध मोडून पुन्हा बसलेलं. त्या नाकामुळे त्यांनी तरुणपणी मुष्टियुद्ध केलं असावं अशी आमच्या विभागात सगळ्यांची समजूत होती. चिनी सहकाऱ्यांना 'ओगले' म्हणणं जड जायचं, म्हणून सगळे त्यांना 'मिस्टर ओ' म्हणत. मुंबईत शिक्षण, मग सतरा वर्षं सिडनी, आणि तिथून सिंगापूर, एवढंच त्यांच्याबद्दल माहीत होतं. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. "ती ॲडलेडला असते, सुखात असते," यापलीकडे त्या विषयावर ते बोलत नसत. आमच्या मराठी मंडळात ते वर्षातून एकदा, गणपतीला यायचे आणि चपलांच्या रॅकजवळच्या खुर्चीवर बसायचे. एकदा कुणाच्या तरी लहान मुलीनं त्यांना विचारलं, "अंकल, यू फ्रॉम ऑस्ट्रेलिया, इज इट? देन वाय यू कम हिअर?" सगळे हसले. सर हसले नाहीत. "तिथलं काम संपलं," असं त्यांनी तिला मराठीत सांगितलं, आणि तिला ते कळलं नाही.

डोक्याला मार लागलेले रुग्ण त्यांच्याकडे यायचे. त्या कामात त्यांच्याइतका चिवट माणूस मी पाहिलेला नाही. एखाद्याला चमचा धरायला शिकवण्यात तीन-तीन महिने घालवायचे. पण रुग्ण बरा झाला, कामावर जाऊ दे, असं लिहून द्यायची वेळ आली की त्यांचा हात अडायचा. "आज तपासतो. सही उद्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कितीही मोठा माणूस असो, सही त्याच दिवशी मिळायची नाही.

त्यावरून एकदा मोठा तमाशा झाला. जोगळेकर नावाचे एका बँकेतले बडे अधिकारी न्हाणीघरात घसरून डोक्यावर पडले होते. आठवड्यानं त्यांना हाँगकाँगला बैठकीला जायचं होतं आणि प्रवासाला हरकत नाही असा कागद हवा होता. आपलाच माणूस आहे म्हणून मीच त्यांना सरांकडे नेलं होतं. सरांनी तपासलं आणि सांगितलं, सही उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं आणि सांगितलं, सही नाही.

"अहो ओगले, मला काहीही होत नाहीये," जोगळेकर म्हणाले. "माझी स्वतःची काही तक्रार नाही, मग तुमची काय आहे?"

"तुम्ही काल आलात तेव्हा तुमच्या मिसेस बरोबर होत्या. आत्ता मला विचारलंत, काल मी एकटाच आलो होतो ना?"

जोगळेकर वरपर्यंत गेले. आमच्या विभागप्रमुख, मिस चुआ, स्वभावानं चांगल्या होत्या. त्या खाली येऊन सरांना म्हणाल्या, "मिस्टर ओ, जस्ट साइन लाह. पेशंटची काही तक्रारच नाही."

सरांचा चेहरा एकदम बदलला. "तक्रार नव्हती हे वाक्य माझ्यासमोर म्हणायचं नाही," ते इंग्रजीत म्हणाले, आणि फाइल मिटून बाहेर निघून गेले. एवढ्याशा गोष्टीवर माणूस इतका का बिथरावा, मला समजेना. जोगळेकरांनी दुसरीकडून कागद मिळवला, हाँगकाँगला जाऊन धडधाकट परत आले, आणि पुढे मंडळात दोन वर्षं सरांची नक्कल करून दाखवत राहिले. मी ते सरांना सांगितलं. "त्यांना काही झालं नाही ना? मग बरं झालं," सर म्हणाले, आणि त्यांना खरोखरच बरं वाटलेलं दिसलं.

त्या बिथरण्याचा अर्थ मला पुढच्या वर्षी कळला. ऑक्टोबरमधला पहिला रविवार. मंडळात केलेली श्रीखंड-पुरी डब्यात घालून मी दुपारी त्यांच्या आंग मो किओमधल्या फ्लॅटवर गेले. दार लोटलेलं होतं. सर टीव्हीसमोर एका लाकडी खुर्चीवर ताठ बसले होते. आवाज पूर्ण बंद. पडद्यावर प्रचंड मोठं मैदान, गच्च भरलेलं, आणि दंडाच्या बेटकुळ्या दिसणारे, घामानं निथळलेले खेळाडू चेंडू पोटाशी धरून एकमेकांवर आदळत होते.

"ये," ते नजर न हलवता म्हणाले. "रग्बी लीग. ऑस्ट्रेलियातला अंतिम सामना आहे."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडूवाल्याला पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे. डोक्यावर शिरस्त्राण नाही, अंगात चिलखत नाही. मी विचारलं, "कोण जिंकतंय?"

"माहीत नाही."

मला थट्टा वाटली. मग लक्षात आलं की ते चेंडूकडे बघतच नव्हते. खेळ पुढे सरकला तरी त्यांची नजर मागे, जमिनीवर पडलेल्या माणसाकडे राहायची. तो उठला की ते श्वास सोडायचे. एखादा उठायला वेळ लावायचा, तेव्हा कडेनं एक माणूस पिशवी घेऊन धावत आत जायचा आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकायचा. सर खुर्चीच्या कडेला यायचे. "विचार," ते पुटपुटायचे. "नीट विचार त्याला."

सामना संपला. कोण जिंकलं ते त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही. टीव्ही बंद केला, चहा टाकला, आणि चहा गाळता गाळता म्हणाले, "तो पिशवीवाला मी होतो, मेघना."

सिडनीच्या एका क्लबात अकरा वर्षं ते खेळाडूंचे फिजिओ होते. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, निखळलेली बोटं बसवायची, सामना चालू असताना आत धावायचं. नाक तिथंच मोडलं होतं, कुणाचं तरी कोपर लागून. मैदानाच्या कडेला उभे असणारे ते एकटेच भारतीय. लोक नावं ठेवायचे, मग सवय झाली, मग 'ओगी, ओगी' करून हाका मारायला लागले. अकराव्या वर्षी तो क्लब अंतिम सामन्यात पोचला. सगळ्या उपनगरानं घरांवर झेंडे लावले होते.

टॉमी नावाचा खेळाडू होता, चोवीस वर्षांचा, बैलासारखा दांडगा आणि स्वभावानं गरीब. सामन्याआधी कुंपणापाशी जाऊन आईच्या गालाचा मुका घेऊन आला होता. उत्तरार्ध अर्धा झाला असेल, तेव्हा समोरच्याला पाडताना त्याच्या गुडघ्यावर टॉमीचं डोकं आपटलं. सर धावत गेले. त्याला हाताला धरून कडेला आणलं, बाकावर बसवलं. क्लबचा डॉक्टर आत होता, दुसऱ्या एकाचा खांदा निखळला होता त्याच्यापाशी. म्हणजे निर्णय सरांच्या हातात.

"मी विचारलं, आपण कुठल्या मैदानावर आहोत? त्यानं त्याच्या घराजवळच्या मैदानाचं नाव सांगितलं, लहानपणी खेळायचा तिथलं. मग म्हणाला, ओगी, मला सगळं दोन-दोन दिसतंय. आणि मग म्हणाला, आई आलीय का रे आज?"

सरांनी बशी बाजूला सारली. चहा तसाच होता.

"चार गुण मागं होतो आम्ही. पंधरा मिनिटं राहिली होती. कोच तिथून ओरडला, ठीक आहे का तो? मी म्हटलं, ठीक आहे."

"पण का, सर?"

"काय काय कारणं सांगत आलोय मी स्वतःला. नाही म्हटलं असतं आणि हरलो असतो, तर त्या काळ्यानं घालवला म्हणाले असते, हे एक. कोचचा दबाव होता, हे दुसरं. पण खरं सांगू का? मला कप हवा होता गं. अकरा वर्षं लोकांचे पाय बांधले होते मी. मला तो कप हवा होता."

टॉमी आत गेला. त्यांच्या संघानं गुण मिळवून दोन गुणांची आघाडी घेतली, आणि अगदी शेवटच्या क्षणी समोरचा एक धटिंगण रेषेवर पोचला असताना टॉमीनं त्याला डोक्यानं अडवलं. सामना जिंकला. टॉमी कप धरून मैदानाला चक्कर मारून आला, फोटो काढले, एका फोटोत त्याचा हात सरांच्या खांद्यावर आहे. आत कपडे बदलायच्या खोलीत त्याला उलटी झाली आणि तो बाकावरून खाली कोसळला. मेंदूत रक्तस्राव. शस्त्रक्रियेनं जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा जवळजवळ गेली.

चौकशी झाली. सरांनी लिहून दिलं की खेळाडूनं कोणतीही तक्रार केली नव्हती. खाली सही केली. कुणी शंका घेतली नाही. वर्तमानपत्रांनी टॉमीला वीर ठरवलं, संघासाठी दुखणं लपवणारा. क्लबनं सरांना विजेत्यांची अंगठी दिली. सहा महिन्यांत त्यांनी नोकरी सोडली, आणि ज्यांना चमचा धरता येत नाही अशा माणसांचं काम शोधत सिंगापूरला आले.

"आणि त्याची आई?"

"जोन. ती सांभाळते. मी दर नाताळला फोन करतो. ती प्रत्येक वेळी एकच म्हणते, ओगी, तो मला एका शब्दानं जरी बोलला असता! एवढा कसा हट्टी रे? कप मोठा, आई नाही. असं म्हणते ती. आणि मी इथून ऐकून घेतो."

त्या दिवशी मी श्रीखंडाचा डबा तिथंच ठेवून निघाले. पुढची दोन वर्षं त्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते माणसं उठण्याची वाट बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघत असायचे. रुग्णालयात आम्ही त्याबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

२००७ मध्ये क्लबचं पत्र आलं. विजयाला दहा वर्षं झाली होती. त्या वर्षीच्या अंतिम सामन्याआधी जुन्या संघाला मैदानावर मिरवणार होते, टॉमीला सगळ्यात पुढे ठेवून. सरांनाही बोलावलं होतं. पत्र आलं त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही काही जण पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला निघालो होतो. सर सहसा येत नसत, त्या दिवशी आले. धक्क्यावर बारा माणसं जमल्याखेरीज होडी सुटत नाही, म्हणून आम्ही बाकावर बसलो होतो. बाकीचे पाण्याच्या बाटल्या आणायला गेले तेव्हा त्यांनी पत्र माझ्या हातात ठेवलं.

"मी जोनला सांगणार आहे," ते म्हणाले.

मी पत्र दोनदा वाचलं. आणि मग मी जे बोलले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"सर, आता सांगून काय होणार? तो बरा होणार आहे का? तुमचं लायसन्स जाईल. इथली नोकरी जाईल. या वयात कुठं जाल तुम्ही? आणि त्या बाईलाही उगाच त्रास. दहा वर्षं झाली. राहू दे ना."

"म्हणजे गप्प बसू?"

"हो. गप्प बसा."

त्यांनी पत्राची घडी घातली. "तू माझ्या भल्यासाठी सांगतेयस, ते कळतंय मला," म्हणाले. "मीसुद्धा टॉमीला पाठवलं तेव्हा त्याच्या पाठीवर थाप मारली होती. चल बेटा, म्हटलं होतं."

होडीवाल्यानं हाक मारली. ते होडीत बसले नाहीत. बसस्टॉपकडे चालत गेले.

अंतिम सामन्याच्या रविवारी मी माझ्या खोलीत एकटीनं टीव्ही लावला. सामन्याआधी बँड वाजला, आणि जुने खेळाडू कोटांवर क्लबचे स्कार्फ घालून एका रांगेत बाहेर आले. सगळ्यात पुढे व्हीलचेअर. तीत एक आडव्या अंगाचा, जड, मान कललेला माणूस. मागून ती ढकलणारी पांढऱ्या केसांची, बारीक चणीची बाई. सबंध मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या बाईचं तोंड जवळून दाखवलं तेव्हा मी टीव्हीच्या जवळ सरकले. ती टाळ्यांकडे, माणसांकडे, कुणाकडेच बघत नव्हती. दगडी चेहऱ्यानं खुर्ची ढकलत होती. मी रांगेत सरांना शोधलं. ते नव्हते.

काय झालं होतं ते त्यांनी परत आल्यावर सांगितलं. मैदानाखालच्या बोगद्यात सगळे रांग लावून उभे होते. जोन कुणाला तरी सांगत होत्या, नेहमीसारखंच, हा हट्टी, यानं कुणाला सांगितलंच नाही. सर पुढे झाले आणि म्हणाले, "जोन, त्यानं सांगितलं होतं. मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"दोन-दोन दिसतंय म्हणाला होता. मैदान कुठलं ते त्याला माहीत नव्हतं. आई आलीय का म्हणून त्यानं विचारलं होतं. आणि मी त्याला आत पाठवलं."

तेवढ्यात बँड सुरू झाला. टोपी घातलेला कुणीतरी माणूस चला, चला म्हणून हात हलवत आला, आणि जोननी खुर्ची ढकलायला सुरुवात केली. पूर्ण चक्कर होईपर्यंत सर बोगद्यात उभे होते. पळून जावं असं वाटलं होतं, पण पाय निघेना, म्हणाले. जोन परत आल्या. सरांच्या समोरून गेल्या, बघितलं नाही. भिंतीपाशी खुर्ची लावली, ब्रेक लावला, आणि त्या म्हाताऱ्या बाई मुलासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्याचा निकामी हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "टॉमी, मला माफ कर रे. दहा वर्षं मी तुझ्यावर रागावले होते."

"तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं," सर म्हणाले. "तोवर मला वाटायचं, मी फक्त त्याचं डोकं घालवलं. मी तर त्याची आईसुद्धा काढून घेतली होती."

पुढचं सगळं मी म्हणाले होते तसंच झालं. सरांनी सिडनीतल्या फिजिओंच्या नोंदणी मंडळाला स्वतःहून लिहून दिलं, तेव्हा सही करून दिलेला जबाब खोटा होता म्हणून. चौकशी झाली, नोंदणी रद्द झाली. वर्तमानपत्रांत नाव, फोटो आणि नको नको ते आलं. आमच्या रुग्णालयातही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मिस चुआ रडल्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. शेवटच्या दिवशी सरांनी त्यांच्या सगळ्या रुग्णांची माहिती मला तीन तास बसून समजावून दिली. कुणाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, कोण लाजेपोटी दुखणं सांगत नाही, कुणाची मुलगी खोटं बोलते. निरोपाचा केक आणला होता तो कुणी कापला नाही.

मंडळात जोगळेकरांच्या घोळक्यात चर्चा रंगली. "बघा, मी तेव्हाच म्हणत होतो, माणूस गडबडच आहे." मी तिथंच उभी होते. मी काही बोलले नाही.

सर मिरजेला गेले, धाकट्या बहिणीकडे. सुमनताई विधवा होत्या, घरात दोघंच. मी एकदा सुटीत जाऊन आले. जोनना त्यांनी चार पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं. "येणार नाही," म्हणाले. "यावं असं काही नाही." वजन खूप उतरलं होतं. जठराचा कर्करोग होता आणि फार पुढे गेला होता. महिनाभर दुखत होतं तरी बोलले नाहीत, अशी सुमनताईंची तक्रार. मी रागावले तर म्हणाले, "मला विचारलंच नाही की कुणी," आणि हसायला गेले, पण कळ आली आणि ते हसू राहून गेलं.

२००९ च्या श्रावणात ते गेले. शेवटचे आठ-दहा दिवस शुद्ध नीट नव्हती, सुमनताई सांगत होत्या. पायांच्या हालचाली करायचे, धावल्यासारख्या.

सुमनताईंनी फोनवर मला जोनचा नंबर दिला. "दादाच्या वहीत होता. त्या बाईंना कळवायला पाहिजे ना? मला ते इंग्रजीतनं जमायचं नाही बाई. तू करशील का?"

दोन दिवस मी टाळलं. मग एका सकाळी कामावर जायच्या आधी फोन लावला. जोननी लगेच उचलला. मी नाव सांगितलं, कोण ते सांगितलं, आणि सर गेल्याचं सांगितलं.



"त्रास झाला का त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो. फार झाला."

"हं." मग त्या म्हणाल्या, "मी त्याला माफ केलेलं नाही. मरून गेला म्हणून आता करणार नाही. त्याच्या घरच्यांना खोटं सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"त्याची पत्रं आहेत माझ्याकडे. वाचली मी. ठेवलीत." पुढे म्हणाल्या, "त्यानं सांगायला नको होतं, असं मला कधी वाटलं नाही. एवढं मात्र तू त्यांना सांग."

फोन ठेवायला हवा होता. मला ठेवता येईना. मी त्यांना सांगून टाकलं, की सर सिडनीला निघाले होते तेव्हा मी त्यांना अडवलं होतं. गप्प बसा, असं मीच त्यांना म्हणाले होते. दहा वर्षं झाली, आता सांगून काय होणार, असं.

"तेव्हा तुझं वय काय होतं?" जोननी विचारलं.

"अठ्ठावीस."

"टॉमी चोवीसचा होता," त्या म्हणाल्या. "पुन्हा कुणाला गप्प बसायला सांगू नकोस." आणि त्यांनी फोन ठेवला.